बाटली भरू नका, तशीच द्या

या आठवड्यात एका शाळेतल्या बाकाचे फोटो मला ओळखीच्या बऱ्याच जणांनी पाठवले. मुलांनी घरून पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, त्यांत चिप्स-बिस्किटांची पाकिटं काठीने ठासून भरली, बाटल्या आडव्या रचून वर सिमेंटचा गिलावा केला आणि पटांगणात बाक उभा राहिला. फोटोंसोबत आग्रहही होता की, नेहमी कचऱ्याच्या तक्रारी लिहिता, आता या चांगल्या कामावर लिहा. म्हणून लिहितो आहे. मुलांची मेहनत खरी आहे, शिक्षकांचा हेतू चांगला आहे, आणि तरीही पुण्यासारख्या शहरात हा प्रकार थांबवला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मुद्दा बाटलीचा आहे. पाण्याची रिकामी बाटली म्हणजे सुक्या कचऱ्यातला भाव असलेला माल. भंगारच्या दुकानात ती किलोवर जाते. पुढे तिचे गठ्ठे बांधले जातात, तुकडे होतात, त्यांपासून धागा निघतो आणि तो कपड्यांत, उशांच्या भरणात जातो. पाकिटाचं नशीब वेगळं. चंदेरी थर आणि छापील थर एकमेकांना चिकटवलेले. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून दुकानदार पाकीट हातात धरत नाही. बाटलीत पाकिटं कोंबली की पाकिटाला भाव येत नाहीच, बाटलीचाही जातो.

एका वर्गीकरण शेडमध्ये हे मी जवळून पाहिलं आहे. कचरा वेचणाऱ्या ताई गोणी ओततात आणि हात चालू लागतात: पुठ्ठा इकडे, दुधाच्या पिशव्या तिकडे, बाटल्या तिसरीकडे. मध्येच एक बाटली हाताला जड लागते. अशा ठासलेल्या बाटल्यांचा 'वीट' म्हणून प्रसार करणाऱ्यांचं मापच असं आहे की लिटरभराची बाटली भरून किमान ३३० ग्रॅम झाली पाहिजे. ताईंनी बूच काढलं, आतून एका पाकिटाचं टोक चिमटीत धरून ओढलं. टोक फाटून हातात आलं. "दादा, हे कापायला बसले तर माझा दिवस जाईल. आणि निघणार काय, एवढीशी बाटली," असं म्हणून त्यांनी ती टाकाऊ मालाच्या गोणीत भिरकावली. त्या दिवशीच्या त्यांच्या कमाईतून ती बाटली गेली, हे बाकाच्या फोटोत दिसत नाही.

आता टाकाऊ प्लास्टिकपासून बांधकामाचा माल करण्याचं काम नैरोबीत कसं होतं ते पाहा. एन्झाम्बी माटी या केनियातल्या तरुण अभियंत्या. २०१७ मध्ये नोकरी सोडून त्या या कामाला लागल्या, 'गेंगे मेकर्स' ही कंपनी काढली आणि २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना तरुणांसाठीचा पुरस्कार दिला. त्यांच्या कारखान्यात प्लास्टिकचे तुकडे वाळूत मिसळून तापवतात. त्याचा दाट लगदा होतो, तो साच्यात घालून यंत्राने दाबतात, आणि थंड झाला की अंगणात, पदपथावर बसवायचा ठोकळा तयार. पहिला फरक मालाचा. त्या कोणतं प्लास्टिक घेतात ते बघण्यासारखं आहे. शॅम्पूच्या आणि दुधाच्या बाटल्यांचं जाड प्लास्टिक त्या घेतात, पिशव्यांचं मऊ प्लास्टिक घेतात, झाकणं-बादल्या-दोर यांचंही घेतात. पाण्याच्या बाटलीचं, म्हणजे पेट प्लास्टिक मात्र घेत नाहीत. आपण नेमकी तीच बाटली उचलतो आणि गिलाव्याखाली गाडतो.

दुसरा फरक कामाचा. नैरोबीच्या ठोकळ्यात सिमेंट नाही. वाळूचे कण धरून ठेवतं ते प्लास्टिक. शाळेच्या बाकात प्लास्टिक काहीच धरत नाही, त्यालाच सिमेंटने धरून ठेवलंय. त्या बाकाला सिमेंट किती लागलं ते कुणी मोजलं का? बाटल्यांऐवजी दगड-विटांचे तुकडे रचले असते तरी बाक तितकाच उभा राहिला असता. शिवाय गिलाव्याला तडा गेला की बाटलीवर ऊन पडणार, उन्हाने ती ठिसूळ होणार, आणि आतली पाकिटं पुन्हा पटांगणात. तेव्हा ती वेचायला कोण येणार, हे सांगायला नको.

तिसरा फरक पैशाचा, आणि या सदराचे वाचक जाणतात की माझी गाडी इथे येऊन थांबतेच. माटी यांना वेष्टनं बनवणाऱ्या कारखान्यांकडून टाकाऊ माल फुकट मिळतो, पण पुनर्वापराच्या धंद्यातल्या लोकांकडून माल घेतला की त्या पैसे मोजतात. आयव्हरी कोस्टमध्ये २०१९ मध्ये युनिसेफ आणि एका कोलंबियन कंपनीने प्लास्टिकच्या विटांचे शाळावर्ग बांधायला घेतले, तेव्हाही कचरा गोळा करणाऱ्या बायकांची कमाई वाढणं हा त्या योजनेचा भाग होता. आपल्याकडच्या उपक्रमात माल गोळा करायला मुलं फुकट, ठासायला फुकट, आणि जिचं पोट त्या मालावर आहे ती कुठेच नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून या शहरात आहे, 'स्वच्छ' संस्थेच्या ताई २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार फिरताहेत. त्यांच्यातल्या एकीला जरी आधी विचारलं असतं तरी हा बाक झाला नसता.

बाटलीच्या विटांची बाजू घेणारे ग्वातेमालाचं उदाहरण देतात. ते मला मान्य आहे, तिथल्यापुरतं. तिथे खेड्यांत २००९ पासून अशा बाटल्या जाळीत रचून शाळांच्या भिंती उभ्या केल्या गेल्या. भार काँक्रीटच्या खांबांवर, बाटल्या फक्त मधल्या जागेत. कचऱ्याची गाडी येत नाही, भंगारवाला फिरकत नाही, बाटली ओढ्यात जाते किंवा जाळली जाते, अशा गावात ती भिंतीत गेलेली बरी. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी तराजू टांगलेलं दुकान आहे.

आणि पाकिटांचं काय, असं मला दरवेळी विचारलं जातं. त्याचं उत्तर आपल्याच देशात मिळालेलं आहे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रा. आर. वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा चुरा टाकून तिला लेप देण्याची आणि मग डांबर घालण्याची पद्धत बसवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इंडियन रोड्स काँग्रेसची त्यावरची मार्गदर्शक तत्त्वं २०१३ मध्ये आली. पाच लाखांहून मोठ्या शहरांच्या ५० किलोमीटर परिसरात डांबरी रस्त्यांसाठी टाकाऊ प्लास्टिक वापरा, असं केंद्राने २०१५ मध्ये सांगितलं. मग पुण्याभोवती दरवर्षी होणाऱ्या रस्त्यांत किती प्लास्टिक गेलं, हा आकडा प्रत्येक कामाच्या फलकावर लिहायला काय हरकत आहे? पदपथांच्या पेव्हर ब्लॉकच्या निविदेतही नैरोबीसारख्या ठोकळ्यांचा काही हिस्सा ठेवावा. मात्र ताकद, आग आणि पायांखाली झिजून सुटणारे कण, या तिन्हींची चाचणी झाल्यावरच. आणि पाकिटांसाठी ताईंना किलोमागे ठरलेला दर द्यावा. पैसे पाकीट छापणाऱ्या कंपनीकडून घ्यावेत. उत्पादकांवर ती जबाबदारी टाकणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ पासून आहेत. शाळेतल्या मुलाने ते पाकीट बाटलीत कोंबलं, की कंपनीच्या वाट्याचं काम त्याने फुकटात केलं.

त्या शाळेच्या गच्चीवर अजून न भरलेल्या बाटल्यांच्या गोण्या पडून आहेत असं कळलं, दुसऱ्या बाकासाठी. मुख्याध्यापकांना कळकळीची विनंती आहे की त्या गोण्या आहेत तशा, रिकाम्या, सोमवारच्या फेरीला येणाऱ्या ताईंच्या हातात द्याव्यात.