बुडवलं की झालं?

‘कृत्रिम रीफ’ हा शब्द हल्ली माझ्या डोक्यात जातो. जुनं जहाज, पाडलेल्या पुलाचं काँक्रीट, काय वाटेल ते समुद्रात टाकायचं आणि वर हे नाव चिकटवायचं. कचरा टाकला म्हटलं तर दंड, रीफ केलं म्हटलं तर नारळ फोडून उद्घाटन!

आत्ता हे लिहायचं कारण आमच्या मालवणकडच्या नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे ‘गुलदार’चं कौतुक थांबतच नाही. १९८५ साली नौदलात आलेलं हे पोलंडमध्ये बांधलेलं जहाज जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालं आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या ताब्यात आलं. ते निवतीच्या खडकांजवळ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ करायचं, अशी योजना. पर्यटन वाढणार, स्कूबावाल्यांना काम मिळणार, इथपर्यंत मलाही पटतं. पण पुढचं वाक्य असतं ‘आणि मासेच मासे होणार, मच्छीमारांची चांदी!’ तिथे मी अडतो. ग्रुपवर एवढं लांब लिहिलं तर मावशी मला म्यूट करेल, म्हणून इथे.

आधी सांगतो, मी जहाजांच्या विरोधात नाही. एप्रिलमध्येच आम्ही मंडळातले नऊ जण की लार्गोहून बोट करून ‘स्पीगल ग्रोव्ह’वर डायव्हिंगला जाऊन आलो. (दोघांना बोट लागली. आलेपाकाचा डबा गाडीतच राहिला होता.) पाणी निळंशार, प्रवाह मात्र असा की बॉयचा दोर सोडला तर थेट बहामाज. दोर धरून उतरताना खाली आधी नुसती काळी सावली दिसते, मग त्या सावलीला कठडे फुटतात, क्रेन दिसते, आणि लक्षात येतं की आपण इमारतीएवढ्या जहाजावर तरंगतोय. सगळ्या लोखंडावर स्पंज आणि मऊ प्रवाळ. बॅराकुडा गस्त घालणाऱ्या हवालदारासारखे स्थिर उभे. वर आल्यावर आमच्यातला एकही माणूस पाच मिनिटं गप्प बसला नाही. पुन्हा बोलावलं तर उद्या जाईन.

पण बोटीवरच्या माहितीत जे फारसं सांगत नाहीत ते असं. हे ५१० फुटी जहाज मे २००२ मध्ये सरळ उभं बुडायचं होतं. ते ठरलेल्या वेळेच्या आधीच बुडालं आणि उलटं होऊन नाक पाण्याबाहेर काढून बसलं. मग आणखी पैसे ओतून, ओढून ताणून त्याला कुशीवर झोपवलं. २००५ मध्ये डेनिस नावाचं वादळ आलं आणि त्याने ते आपणहून सरळ उभं केलं! लोक हे गंमत म्हणून सांगतात. मला गंमत वाटत नाही. ५१० फुटांचं पोलाद तळाशी असताना वादळ त्याची कूस बदलतं. गुलदार त्याच्या निम्म्याहून थोडं मोठं आहे, आणि २०२१ चं तौक्ते मालवणकरांना मी वेगळं सांगायला नको.

याच फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलसमोर १९७० च्या दशकात जुने टायर टाकले. थोडेथोडके नाहीत, वीस लाखांच्या आसपास. कल्पना तीच, माशांना घर होईल आणि टायरही मार्गी लागतील. गुडइयरच्या हवाई फुग्यातून सोनेरी रंग दिलेला टायर टाकून मुहूर्त केला होता. गठ्ठे बांधलेल्या क्लिपा गंजल्या, टायर सुटले आणि वादळात शेजारच्या खऱ्या, जिवंत प्रवाळावर जाऊन आदळू लागले. टायरवर धड काही उगवलं नाही. २००७ पासून लष्कराचे पाणबुडे ते उचलायला लागले. दोन-तीन वर्षांत सत्तरेक हजार निघाले असतील. बाकीचे?

‘जहाज म्हणजे टायर नव्हे,’ असं आमचा एक मित्र लगेच म्हणाला. बरोबर. जहाजात तेल, रंग, वायरिंग असतं. २००६ मध्ये पेन्साकोलाजवळ बुडवलेल्या ‘ओरिस्कनी’ या विमानवाहू जहाजाच्या वायरिंगमध्ये पीसीबी हे विषारी रसायन राहू दिलं होतं, आणि तेही रीतसर परवानगी घेऊन.

आता मासे. बुडालेल्या जहाजावर मासे दिसतात हे खरंच आहे, मी डोळ्यांनी पाहिले. प्रश्न असा की ते तिथे नव्याने वाढले की आजूबाजूचे गोळा झाले? शास्त्रज्ञांचा हा वाद कित्येक दशकं चालू आहे, आणि उत्तर जागेनुसार, माशानुसार बदलतं. आंगणेवाडीच्या जत्रेत लाखोंची गर्दी होते म्हणून मालवण तालुक्याची लोकसंख्या वाढली असं कुणी म्हणतं का? आणि मासे एका ठिकाणी गोळा झाले की ते पकडणं सोपं होतं. कुणाला? रापणवाल्याला नाही. तो किनाऱ्यावर उभा. ज्याचं इंजिन दांडगं आणि जाळं मोठं, त्याला. पर्ससीनवरून सिंधुदुर्गात किती डोकी फुटायची वेळ आली हे ग्रुपवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तरी ‘मच्छीमारांची चांदी’ असं एका दमात लिहून मोकळे! कुठल्या मच्छीमारांची?

रीफ करायचंच तर हेतू आधी ठरतो, वस्तू नंतर. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सिमेंटचे सांगाडे टाकले ते गळाने मासेमारी करणाऱ्या छोट्या होड्या डोळ्यासमोर ठेवून. तिथे ट्रॉलरचं जाळं ओढलं तर ते अडकून फाटतं. ते बघायला कोणी तिकीट काढणार नाही, पण त्याला रीफ म्हणायला माझी हरकत नाही.

आणि हो, खरं प्रवाळ मालवणला आहेच की! १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. मागच्या खेपेला मी पाहिलं, पंधरा मिनिटांच्या ‘स्कूबा’साठी आलेली माणसं त्याच प्रवाळावर पाय रोवून फोटो काढत होती आणि वरून बोटवाला माशांना बिस्किटं टाकत होता. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, लोखंडाचा एक तुकडाही न टाकता तयार झालेलं. त्याबद्दल ग्रुपवर आजवर एकही मेसेज आलेला नाही.

तेव्हा सुधीरदादा, पुढच्या वेळी फॉरवर्ड करशील तेव्हा एवढं विचारून टाक. जहाजापासून किती अंतरात जाळं टाकायला बंदी आहे, बोटींनी नांगर न टाकता बांधायला बॉय किती आहेत, आणि दहा वर्षांनी खाली उतरून मासे मोजायचा पगार कोणाच्या खात्यातून निघणार आहे. डिसेंबरात मी येतोच आहे. सिलिंडर भाड्याने घेऊ, मिळून बघू. मावशीला सांग, सोलकढी तिखट नको.