कोऱ्या सर्व्हरची किल्ली

नवा सर्व्हर रॅकमध्ये बसला, केबल जोडल्या गेल्या, तरी तो कोराच असतो. त्याच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम नसते. मात्र वीज मिळताच त्याच्या मदरबोर्डवरचा एक छोटा, स्वतंत्र संगणक जागा होतो. हा बीएमसी. सर्व्हर बंद असला तरी तो चालू राहतो आणि दुरून सर्व्हर सुरू करणे, स्क्रीन पाहणे, सिस्टिम चढवणे ही कामे त्याच्यामार्फत होतात. नवी मुंबईच्या डेटा सेंटरमधले यंत्र पुण्यात बसून हाताळता येते ते त्याच्याच जोरावर.

पण या बीएमसीला पत्ता आणि पासवर्ड द्यायचा कसा? दोन-चार यंत्रे असतील तर मॉनिटर-कीबोर्डची ट्रॉली ढकलत नेऊन बायोसमध्ये ते भरता येते. दोनशे यंत्रे असली की वेळही पुरत नाही आणि आकडेही चुकतात. म्हणून पीएक्सईचा, म्हणजे नेटवर्कवरून बूट करण्याच्या सोयीचा, आधार घेतला जातो. सर्व्हर नेटवर्कवरून एक छोटे लिनक्स थेट मेमरीत घेतो. डिस्कला हात लागत नाही. त्यातली स्क्रिप्ट ‘आयपीएमआयटूल’ वापरून बीएमसीला पत्ता, वापरकर्ता आणि पासवर्ड देते, यंत्राचा अनुक्रमांक नोंदवते आणि सर्व्हर बंद करते.

ही पद्धत योग्यच आहे. पण स्क्रिप्ट शिस्त जितक्या वेगाने पसरवते, तितक्याच वेगाने निष्काळजीपणाही. तिच्यात एकच पासवर्ड लिहून ठेवला, तर सगळ्या रॅकना एकच किल्ली लागते. शिवाय त्या नेटवर्कवर बूट होणाऱ्या कोणालाही ती वाचता येते. धोका काल्पनिक नाही. बीएमसीशी बोलण्याच्या आयपीएमआय या प्रोटोकॉलच्या 2004 साली आलेल्या 2.0 आवृत्तीत लॉगिन पूर्ण होण्याआधीच बीएमसी पासवर्डचा हॅश, म्हणजे त्यापासून गणिताने काढलेला ठसा, समोरच्याच्या हाती देतो. तो घेऊन निवांत बसून पासवर्ड शोधता येतो, हे 2013 मध्ये जाहीर झाले. दोष प्रोटोकॉलच्या रचनेतच असल्याने नुसत्या अपडेटने तो जात नाही. जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सीसा आणि एनएसए या सुरक्षा संस्थांनीही बीएमसी सुरक्षित करण्याबाबत संयुक्त सूचना काढल्या.

तेव्हा स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. प्रत्येक यंत्राचा पासवर्ड वेगळा असावा आणि तो जागच्या जागी तयार होऊन तिजोरीवजा सॉफ्टवेअरमध्ये जावा. बीएमसीचे जाळे वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे स्वतंत्र आभासी नेटवर्कवर, असावे, इंटरनेटला कधीच जोडलेले नसावे. आयपीएमआयला पर्याय म्हणून 2015 पासून उपलब्ध असलेले रेडफिश यंत्रात असेल तर तेच वापरून नेटवर्कवरचे आयपीएमआय बंद करावे. शेवटी स्क्रिप्टनेच दोनदा लॉगिन करून पाहावे: नव्या पासवर्डने प्रवेश मिळायला हवा, कारखान्यातल्या पासवर्डने नाकारला जायला हवा. या चाचणीत नापास झालेले यंत्र, घाई कितीही असो, सेवेत घेऊ नये.