सत्य बोलणाराची जागा

ख्रिस्ती माणसानें दयाळू असावें कीं सत्यनिष्ठ असावें, असा प्रश्न आमच्या मंडळ्यांत व शाळांत वारंवार निघतो. कोणाचा अपराध उघडकीस आला म्हणजे एक पक्ष म्हणतो, "झाकून टाका, बिचाऱ्याचें पुढें कसें होईल?" दुसरा म्हणतो, "झाकलें तर धर्म कोठें राहिला?" मग जो तो आपापल्या प्रकृतीप्रमाणें मवाळ किंवा कडक होतो, आणि त्या प्रकृतीलाच सद्गुणाचें नांव देतो. दया किती व सत्य किती, अशा मोजमापानें हा वाद सुटेल असें आम्हांस वाटत नाहीं. खरें बोलणारा कोठें उभा राहून बोलतो, हें आधीं पाहिलें पाहिजे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायांतील गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. व्यभिचारांत सांपडलेल्या एका स्त्रीस मंदिरांत आणून सर्वांच्या मध्यें उभें केलें होतें. (तिच्याबरोबरचा पुरुष कोठें होता, हें आणणारांपैकीं कोणी सांगितलें नाहीं, असल्या खटल्यांत तो बहुधा सांपडतच नाहीं.) प्रभूनें तिच्या पापास पापच म्हटलें, याविषयीं शंका नाहीं, परंतु केव्हां म्हटलें तें पाहावें. जमलेल्या लोकांसमोर त्यानें लोकांच्या पापाचा विषय काढला, तिच्या पापाचा काढला नाहीं. वृद्धांपासून आरंभ होऊन एकेक जण निघून गेला, तिच्या जिवावरचें संकट टळलें, आरोप करणारा कोणी उरला नाहीं. मग आपण तिला दोषी ठरवीत नाहीं, हें त्यानें प्रथम सांगितलें, आणि पुन्हा पाप न करण्याची आज्ञा त्यानंतर दिली. हा क्रम उलटा करून पाहावा. शब्द तेच राहूनही गोष्ट निराळी होते.

आपल्याच प्रांतांतील उदाहरण घ्यावयाचें तर पंडिता रमाबाईंचें घेऊं. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयास असतां त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परक्या देशांत, पदरीं लहान मुलगी, आणि डोक्यावरचें छप्परही दुसऱ्यांचें! अशा स्थितींत आश्रय देणारांस रुचेल तेंच बोलणें किती सोपें होतें. पण सिस्टर जेराल्डाइन यांच्याशीं झालेल्या पत्रव्यवहारांत, त्रैक्यासारख्या मोठ्या सिद्धांताविषयींसुद्धां, जें पटलें नाहीं तें पटलें असें रमाबाई लिहीत नाहींत. सिस्टरही त्यांच्या अहंकाराबद्दल त्यांस स्पष्ट बोल लावतात. दोघींच्या लेखणीस धार आहे. वाचतांना कधीं कधीं वाटतें कीं, आतां हें पत्र शेवटचें. पण पुढचें पत्र येतें, आणि ज्यांच्याशीं इतका वाद चालला त्यांस रमाबाई "आजीबाई" म्हणून हांक मारतात! हीं इंग्रजी पत्रें १९७७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तीं अवश्य वाचावीं.

पुढें १८९७ च्या सुमारास दुष्काळ व प्लेग एकदमच आले. पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांची जी दशा होत होती, तिजविषयीं रमाबाईंनीं वर्तमानपत्रांत उघड पत्र लिहिलें व सरकारचा रोष ओढवून घेतला. उलट ज्या स्त्रियांस समाज पतित म्हणून दारांत उभें करीत नव्हता, त्यांच्यासाठीं त्यांनीं केडगांवास कृपासदन हें निराळें घर काढलें. बलिष्ठांस चारचौघांत, आणि दुबळ्यांस घरांत घेऊन, असे त्यांचे सत्य बोलण्याचे दोन मार्ग होते. कृपासदनांत येणारीस पूर्वीचें आयुष्य योग्यच होतें असें कोणी सांगत नसे. तें सोडण्यासाठींच तें घर होतें. मात्र सोड म्हणून सांगणारी बाई स्वतः मुक्तीच्याच आवारांत राहत होती व अखेर १९२२ सालीं तेथेंच वारली. दूर पुण्यास बसून पत्रकें काढणें त्यांस अशक्य नव्हतें!

आतां शाळेकडे वळूं. परीक्षेंत चोरून उत्तरें लिहिणारा विद्यार्थी सांपडला, तर काय करावें? शिक्षकानें पाहून न पाहिल्यासारखें केलें तर तिला दया म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. रात्रभर दिव्यापाशीं बसून अभ्यास करणाऱ्या मुलावर ती निर्दयता आहे. शिवाय तीत शिक्षकाची स्वतःची त्रासांतून सुटका पुष्कळ असते. गुण कापलेच पाहिजेत. परंतु सायंप्रार्थनेच्या वेळीं सर्वांसमोर त्याचें नांव वाचून दाखविण्याची जी चाल कोठें कोठें असते, ती बंद व्हावी. असें केल्याशिवाय इतरांस जरब बसत नाहीं, असें म्हणणारे आमचे मित्र आहेत. जरब बसते हें खरें, पण ती न सांपडण्याची युक्ति शिकविते. आणि ज्याचें नांव वाचलें जातें तो मुलगा त्या दिवसापासून प्रार्थनेस मान खालीं घालून बसतो, तो पश्चात्तापानें नव्हे.

त्यास एकटें बोलवावें, शिक्षा सांगावी, आणि ज्या विषयांत त्यास चोरी करावीशी वाटली तो विषय शिकविण्यास त्याच शिक्षकानें रोज थोडा वेळ द्यावा. ज्या मुलानें हें कळविलें, त्यासही महिनाभर त्याच्याबरोबर अभ्यासास बसण्याची विनंती करावी. तो कबूल होत नसेल, तर त्यासही एकटें बोलावून, कळविलें तें कां, हें एकदां विचारावें.