पाण्याने भरलेली होडी तरंगते का?

२१ मे २०२५ रोजी कारवारच्या नौदल तळावर 'कौंडिण्य' हे शिवलेले जहाज नौदलात दाखल झाले, तेव्हा आमच्या किनाऱ्यावरील अनेकांचा ऊर भरून आला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून बेतलेले आणि काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून गोव्यातच बांधलेले हे जहाज डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघाले आणि जानेवारीत मस्कतला पोहोचलेही. अभिनंदन करावे तेवढे थोडेच. मात्र या आनंदात एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. हे जहाज शिवण्यासाठी बाबू शंकरन यांच्यासारखे कसबी कारागीर केरळमधून आणावे लागले. ज्या किनाऱ्यावर रापणीच्या होड्या पिढ्यान्पिढ्या काथ्यानेच शिवल्या जात, त्या किनाऱ्याला हे काम बाहेरच्या हातांकडून करून घ्यावे लागले.

कारण उघड आहे. केरी-हरमलपासून काणकोणपर्यंत कोणत्याही वाळूवर जाऊन पाहा. ओढून ठेवलेल्या होड्यांमध्ये फायबरच्याच जास्त दिसतील. तेरेखोलपलीकडे शिरोडा-वेंगुर्ल्यात आणि खाली कारवारातही चित्र वेगळे नाही.

यावर गळा काढणाऱ्यांपैकी आम्ही नाही. मच्छीमाराने फायबर घेतले ते हौसेपोटी घेतलेले नाही. होडीच्या तळासाठी लागणारा आंब्याचा जाड, सरळ बुंधा आता मिळत नाही. मिळाला तर तोडायला परवानगी हवी. १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा योग्यच आहे, पण होडीवाल्याला त्याने फायबरकडे ढकलले हेही खरे. शिवाय लाकडी होडीची चाकरी मोठी. दरसाल शिवण तपासा, सैल झालेला काथ्या बदला, माशाचे नाहीतर काजूच्या टरफलाचे तेल चोपडा, पावसाळ्यात झावळ्यांची खोप उभारा. एवढे करूनही लाकूड पोखरणारा किडा सोडत नाही. फायबरला यातले काही नको. जी लाकडी होडी ओढायला दहा जण लागत, त्याच मापाची फायबरची निम्मी माणसे ओढतात. घरातली तरुण मुले बोटीवर नोकरीला किंवा हॉटेलात कामाला गेल्यावर उरलेल्या म्हाताऱ्यांनी काय करायचे, याचे उत्तर लाकडाचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी द्यावे!

तेव्हा फायबर हवे की नको हा वाद संपलेला आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे आणि तो माणसाच्या जिवाशी संबंधित आहे.

आंब्याचे लाकूड पाण्यापेक्षा हलके. लाटेने होडी भरली, उलटली, तरी ती बुडत नसे. माणसे तिला धरून राहत. हा गुण कुणी मुद्दाम घातलेला नव्हता, तो लाकडाबरोबर फुकट येत होता. काचतंतू आणि रेझिन यांचा थर मात्र पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतो. नुसती फायबरची होडी पाण्याने भरली की मागे लावलेल्या इंजिनासकट तळ गाठते. तिला तरंगत ठेवायचे तर तिच्या पोटात बंद पेशींचा फोम भरावा लागतो. हिशेब अवघड नाही. समजा होडीचा सांगाडा ४०० किलोचा आहे. पाण्यात बुडाल्यावर त्याचे वजन १३० ते १४० किलो उरते. त्यात ४०-५० किलोचे इंजिन आणि कडेला लटकलेली चार माणसे धरली तरी ३०० ते ४०० लिटर फोम पुरतो. म्हणजे २० लिटरचे पंधरा-वीस कॅन मावतील एवढी जागा. तीसुद्धा तळाशी नव्हे. नाळेत, मागच्या टोकाला आणि दोन्ही बाजूंच्या वरच्या कडेखाली. फोम तळाशी भरला तर भरलेली होडी सरळ राहण्याऐवजी उताणी होते.

एवढे साधे काम असूनही ते टाळले जाते, कारण फोम दिसत नाही. बंद कप्प्यात काय आहे हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि कारखानदार सांगत नाही. अनेकदा कप्पा रिकामाच असतो; त्याला तडा गेला की हवा निघून जाते आणि पाणी शिरते. थरांचेही तसेच. काचेच्या चटईचे दोन थर कमी केले तर बाहेरचा गुळगुळीत रंग काही बोलत नाही. बोलते ते दोन-तीन हंगामांनी, वाळूवर घासून तळ पातळ झाल्यावर. इंजिन बसवतात त्या मागच्या फळीत स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरते, आतले प्लायवूड कुजते आणि एक दिवस इंजिन फळीसकट हातात येते.

हे नवे ज्ञान नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतीचा पूर आला आणि फायबरच्या होड्या धडाधड वाटल्या गेल्या. रातोरात उभ्या राहिलेल्या कारखान्यांनी केलेल्या त्या होड्यांच्या दर्जाबद्दल तज्ज्ञांनी तेव्हाच बोटे मोडली होती. पैसा देणाऱ्याने होड्या मोजल्या, थर मोजले नाहीत. आपल्याकडे २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना जुन्या होडीच्या बदल्यात नवी होडी व जाळी घेण्यासाठी साहाय्याची तरतूद झाली. चांगली गोष्ट आहे. परंतु सरकारी पैशातून होडी येते तेव्हा ती तपासण्याची जबाबदारीही सरकारकडे येते, आणि त्या तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही. खाडीच्या उथळ पाण्यात होडी न्यावी, इंजिनाच्या वजनाचा दगड मागे बांधावा आणि ती काठोकाठ पाण्याने भरावी. वर राहिली तर शेवटचा हप्ता द्यावा, नाही तर परत पाठवावी. अर्ध्या तासाचे काम आहे. सभासदांनी खरेदीच्या वेळी आणखी एक करावे : रंग देण्याआधी होडी उन्हात आडवी करून आतून पाहावी. जेथे उजेड जास्त झिरपतो तेथे थर कमी आहेत.

दुसरा मुद्दा आकाराचा. शिवणारा सुतार कागदावर नकाशा काढत नसे. मोरजीच्या वाळूला उतरणारी होडी आणि खाडीत फिरणारी होडी यांच्या तळातला फरक त्याच्या हातात होता. फायबरमध्ये ज्याच्याकडे साचा त्याचा आकार. दूरच्या किनाऱ्यासाठी केलेल्या साच्यातली होडी स्वस्तात मिळते म्हणून येथे आणली जाते आणि मग ती आमच्या लाटेत नाचते. हलकी असल्याने मुळातच पाण्यावर उंच बसणारी होडी. त्यात उलांडी काढून टाकली की दोष कुणाला द्यायचा? म्हणून जुन्या लाकडी होड्यांपैकी ज्या धड आहेत त्यांची मापे घेऊन, त्यांवरून साचे करून ते मच्छीमार सहकारी सोसायट्यांच्या मालकीचे करावेत अशी आमची मागणी आहे. साचा सोसायटीचा असला की फोम आणि थर यांवरही सोसायटीचे लक्ष राहते. आजही हयात असलेले जाणते सुतार या कामाला मानधनावर घ्यावेत. लाकूड आणि फायबर यांचा मेळ घालता येतो हे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने दाखवले आहे : रबराच्या झाडाचे स्वस्त लाकूड औषधी प्रक्रिया करून वापरायचे आणि वरून फायबरचा लेप द्यायचा. आमच्या किनाऱ्यावर त्याचा प्रयोग का होऊ नये?

मराठी मंडळाच्या पत्रात होडीच्या फोमची चर्चा कशाला, असे काही सभासद विचारतील. मालवण, पेडणे आणि कारवार येथील गाबीत बांधव तीन राज्यांत विभागले गेले असले तरी सोयरिकी एकच आहेत, आणि एका घरातला माणूस बुडाला तर तिन्हीकडे सुतक येते. आणखी कोणते कारण हवे?

मत्स्योद्योग खात्याला द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. होडी असलेल्या सभासदांनी सही करताना होडीची लांबी, बांधणीचे साल आणि नाळेच्या कप्प्यात फोम आहे की नाही हे तीन रकाने अवश्य भरावेत. तिसऱ्या रकान्याचे उत्तर माहीत नसेल तर कप्प्याचे झाकण उघडून पाहावे, आणि झाकणच नसेल तर तसे लिहावे.