पाण्याची ११२ छायाचित्रे

समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसाने समुद्राविषयी लिहू नये, असा माझा स्वतःपुरता दंडक होता; परंतु दापोली तालुक्यातील कर्द्याच्या वाळूवर चार सकाळी घालवून जळगावास परतल्यावर आमच्या शेजाऱ्यांनी माझ्या परिश्रमांचा जो पंचनामा केला, त्यानंतर तो मोडणे प्राप्त झाले आहे.

होडीचे आणि माझे सख्य कधीच संपले आहे. म्हणून डॉल्फिन दाखवण्याची हमी देणाऱ्या नावाड्यास नकार देऊन मी खुर्ची किनाऱ्यावरच मांडली. कोकणचा हा कुबडवाला डॉल्फिन उथळ पाण्यात, किनारा धरून वावरतो. फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी असल्याने त्याला वर येणे भागच असते. मात्र कोठे यावे, याचा सर्वाधिकार त्याच्याकडे असतो, आणि तो अधिकार, माझा हात जळगावी शेवेच्या पुडीत असताना, मी कॅमेरा रोखलेल्या दिशेच्या बरोबर उलट बाजूस तो बजावतो. तिसऱ्या दिवशी डोहात डुंबणाऱ्या म्हशीसारखी राखी पाठ दोनदा वर आली. लागलीच तीन होड्या इंजिनांचा गोंगाट करीत तिच्यावर चालून गेल्या आणि पुढे दुपारपर्यंत समुद्र मोकळा राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ज्याला स्थान आहे, त्याचा असा पाठलाग करण्यास पर्यटन म्हणण्याची चाल कोणी पाडली कोण जाणे.

परतल्यावर ओट्यावर ११२ छायाचित्रांची तपासणी झाली. शेजारी केळीचे जुने व्यापारी; घड न हाताळता प्रत सांगणारे. त्यांनी निकाल दिला, "हाई ते नुसतं पानी शे. इतलं पानी ते तापीमा बी शे!"

तापी सुरतेपलीकडे याच अरबी समुद्रास मिळते, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. तरीही मी कैफियत मांडली, की ८७ व्या छायाचित्रात जो काळसर त्रिकोण दिसतो तो डॉल्फिनच्या पाठीवरचा पर असून, त्याच्या कडेच्या खाचांवरून अभ्यासक एकेक डॉल्फिन वेगळा ओळखतात. अभ्यासकांना छायाचित्रात हवा असतो तो मुख्यतः हाच पर. शेजाऱ्यांनी चष्मा पुसला, त्रिकोण बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ न्याहाळून विचारले, "मंग हाऊ कोन शे?"

पराच्या मागल्या कडेस एक खाच आहे, एवढेच मला सांगता आले.