रेल्वेची ठिणगी आणि खोडदच्या तबकड्या

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची नारायणगाव परिसरातून जाणारी मूळ आखणी रेल्वे मंत्रालयाने बाजूला ठेवली, ती खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीमुळे. सुमारे २३५ किलोमीटरच्या या मार्गाची वाट पाहणाऱ्या जुन्नरकरांचा प्रश्न सरळ आहे : आकाशाकडे तोंड केलेल्या यंत्राला जमिनीवरच्या गाडीचा त्रास तो कसला?

रेडिओ लहरी म्हणजे प्रकाशाचीच भावंडे, फक्त तरंगलांबी कितीतरी मोठी. अवकाशातला हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो. दृश्य प्रकाशाच्या ती सुमारे चार लाख पट लांब. लहर जितकी लांब, तितकी बारकावे टिपण्यासाठी दुर्बीण मोठी लागते. कित्येक किलोमीटर रुंदीची एकच तबकडी बांधणे अशक्य. म्हणून डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. त्यातल्या १४ मध्यभागी दाटीने, उरलेल्या तीन बाहूंवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून तारांच्या जाळीचा आहे. वारा आरपार जातो, वजन आणि खर्च दोन्ही घटतात. लांब लहरींना मात्र ती जाळी आरशासारखीच असते. साऱ्या तबकड्यांचे संकेत प्रकाशतंतूंतून एका ठिकाणी येतात, तिथे त्यांच्या जोड्या जुळवून चित्र तयार होते.

अडचण आहे ती या संकेतांच्या क्षीणपणाची. चंद्रावर एखादा मोबाइल चालू असता तर पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणींना तो आकाशातल्या सर्वांत प्रखर स्रोतांपैकी एक वाटला असता! विजेवर धावणाऱ्या गाडीचा पँटोग्राफ वरच्या तारेला घासतो, ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी अनेक वारंवारितांवर एकदम गोंगाट करते. ठरावीक वारंवारितेचे प्रक्षेपण असेल तर तेवढा पट्टा वगळता येतो. ठिणगीचे तसे नाही. काही गोंगाट गाळणाऱ्या प्रणाली दुर्बिणीत आहेत, पण त्यांनाही मर्यादा आहे. शिवाय येथे गाडी कुठे दूरवरून नव्हे, तर तबकड्यांच्या पसाऱ्यातूनच जाणार होती.

या शांततेची किंमत काय, हे २०२३ मध्ये दिसले. सुमारे ८.८ अब्ज वर्षे प्रवास करून आलेला, एका आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा संकेत जीएमआरटीच्या निरीक्षणांतून मिळाल्याचे त्या जानेवारीत जाहीर झाले. विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन ती २१ सेंटिमीटरची लहर इथवर पोहोचेतो ४८ सेंटिमीटरची झाली होती. वाटेतल्या दुसऱ्या आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाने तिला भिंगासारखे मोठे केले, म्हणून ती हाती लागली.

दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही. रूळ वळवता येतात. तरीही टोमॅटोच्या बाजारासाठी नावाजलेल्या नारायणगावला रेल्वे हवी होती, आणि शांततेचा सारा भार याच पट्ट्याने उचलायचा आहे. मार्ग वळवताना त्यांच्या दळणवळणाचा पर्यायही त्याच कागदावर यायला हवा होता. दुर्बिणीवरचा राग त्यामुळे विज्ञानविरोधी ठरवून मोकळे होता येणार नाही.