दोन इंजिनांचा हट्ट

गाडीतलं बायकांना काय कळतंय, असं म्हणणारी मंडळी पैसे मागायला मात्र आपल्याकडेच येतात. माझा भाचा सध्या जुन्या मारुती 800च्या मागे लागलाय. पुढचं इंजिन तसंच ठेवायचं आणि भंगारातलं तसलंच दुसरं डिकीत बसवायचं, असा बेत. त्यासाठी माझ्या भिशीवर डोळा! म्हणे, "मावशी, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं."

कल्पना अगदीच खुळी नाही. फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने 1960च्या दशकात 'टू सीव्ही सहारा' नावाची अशी गाडी खरोखर विकली. वाळवंटासाठी. पुढे एक, मागे एक, प्रत्येकी 425 सीसीचं इंजिन. पेट्रोलच्या टाक्या दोन, किल्ल्याही दोन! पुढचं इंजिन पुढची चाकं ओढी, मागचं मागची ढकली, म्हणून वाळूत चारही चाकांना जोर मिळे. पण एका इंजिनावर ताशी 65 किलोमीटरच्या आसपास जाणारी ही गाडी दोन्हींवर जाई सुमारे 100. इंजिनं दुप्पट, वेग काही दुप्पट नव्हे. अशा सातशेही गाड्या बनल्या नाहीत.

शिवाय ती इंजिनं वाऱ्यावर थंड होणारी. मारुतीच्या इंजिनाला पाणी लागतं, रेडिएटर लागतो. बंद डिकीत त्याला वारा कुठून मिळणार? आणि मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी, तिच्या शेजारी तापलेलं इंजिन! मागे वजन वाढलं की पुढचं स्टिअरिंग हलकं पडतं, ब्रेक मात्र एका इंजिनाच्या गाडीचेच. दोन्हींचे क्लच-गिअर एकदम पडले नाहीत, तर जोडीतला एक बैल पळतोय नि दुसरा अडलाय, तशी गत. इंग्लंडात जॉन कूपर यांनी (मिनी कूपरवाले तेच) दोन इंजिनांची मिनी बनवली होती. 1963 मध्ये ती चालवताना अपघात होऊन ते गंभीर जखमी झाले. हे गाड्यांमध्ये मुरलेले गृहस्थ. आमच्याचं तर आयटीआयचं दुसरं वर्ष!

म्हणून मी स्पष्ट सांगितलं, दुसऱ्या इंजिनाला एक रुपया देणार नाही. एकच इंजिन नीट बांधून घे, उरलेल्यात ब्रेक आणि टायर नवे टाक, तेवढे मी देते.

यात हौस मारली जात नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप केली. आनंद महिंद्रांनी ती घेऊन 2022 मध्ये त्यांना बोलेरो दिली. त्या जीपला इंजिन एकच होतं.

तुमच्याकडेही असा कुणी हौशी आला, तर आधी विचारा, गाडी चालवणार कुठे? कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच सांगितलंय. मग विमा कोण देणार? ब्रेक कुणाचे, टाकी कुठे, हेही विचारा. उत्तरं कागदावर लिहून मागा. भिशीची पेटी त्यानंतर उघडा.